ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा मुहूर्त

येशू ख्रिस्त पुन्हां येणार आहे, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माच्या परिघावरची नसून गाभ्यांतली आहे. क्रूसावर मरण पावलेला व तिसऱ्या दिवशीं उठलेला प्रभु चाळीस दिवसांनीं शिष्यांच्या डोळ्यांदेखत स्वर्गांत घेतला गेला, आणि जसा गेला तसाच तो परत येईल असें त्या वेळीं देवदूतांनीं सांगितलें, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या आरंभींच लिहिलेलें आहे. उपासनेच्या वेळीं मंडळींत जो विश्वासाचा अंगीकार म्हटला जातो, त्यांतही जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यासाठीं तो येईल हें कलम असतें. तेव्हां तो येणार कीं नाहीं, ह्याविषयीं श्रद्धावंतांत वाद नाहीं. वाद आहे तो केव्हां आणि कसा, ह्या दोन शब्दांपाशीं.

केव्हां हा प्रश्न विचारला जाणार हें जणू ओळखूनच ख्रिस्तानें त्याचें उत्तर आधीं देऊन ठेविलें होतें. तो दिवस व ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाहीं, पित्याला एकट्यालाच ठाऊक आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय मत्तयाच्या शुभवर्तमानांत आढळतो. परंतु त्याच अध्यायांत लढाया, दुष्काळ, भूकंप, सूर्याचें काळवंडणें, ताऱ्यांचें गळून पडणें अशीं चिन्हेंही सांगितलेलीं आहेत. दाराला कुलूप घालून किल्ली समोरच्या खुंटीवर टांगून ठेवावी, तसें हें झालें. ज्यास चिन्हें सांगितलीं तो दिवस मोजूं लागणार नाहीं, असें कसें होईल? अगदीं पहिल्या पिढींत थेस्सलनीका येथील मंडळींत कांहीं लोक कामधंदा टाकून बसले होते, आणि जो काम करीत नाहीं त्यानें खाऊंही नये, असें पौलाला त्यांना बजावून लिहावें लागलें. त्यांच्या आळसाचें मूळ प्रभूच्या येण्याच्या उत्कंठेंतच होतें, असें पुष्कळ भाष्यकार समजतात.

कसा हा दुसरा प्रश्न. ह्यावर दोन मतें पुष्कळ काळ शेजारीं शेजारीं नांदत आलीं. योहानाच्या प्रकटीकरणांत ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. एका मतानें, सुवार्तेच्या प्रसारानें जग हळूहळू सुधारत जाईल, हजार वर्षांचें सुखाचें राज्य येथेंच प्रस्थापित होईल, आणि त्याच्या शेवटीं ख्रिस्त येईल. दुसऱ्या मतानें, जग सुधारणार नाहीं. ख्रिस्तच आधीं मेघांवर बसून, सर्वांना दिसेल असा, येईल, दुष्टांचा नाश होईल आणि मगच तें राज्य सुरू होईल. पहिल्या मताचा मनुष्य शाळा काढतो, छापखाना घालतो, परदेशीं जातो. दुसऱ्या मताचा मनुष्य आकाशाकडे पाहतो. अर्थात् माणसें इतक्या सरळ रेषेंत वागत नाहींत. तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत ह्या दोन वृत्ति अगदीं स्पष्ट दिसतात, आणि त्यांतील पहिलीचा आपल्या मुंबईशीं जवळचा संबंध आहे. 1813 सालीं मुंबईस येऊन उतरलेला गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या पश्चिम भागांतला. त्यानें व त्याचा सोबती सॅम्युअल न्यूएल ह्यानें मिळून लिहिलेलें एक पुस्तक 1818 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. जगांतील साठ कोटि माणसांना ख्रिस्ती करण्याचें काम किती मोठें आहे आणि त्यास किती माणसें लागतील, ह्याचा त्यांत हिशेब आहे. हॉल मराठी शिकला, मराठींत उपदेश करूं लागला आणि 1826 सालीं नाशिककडील फिरतीवर असतां पटकीनें वारला.

त्याच मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागांत, पिट्सफील्ड येथें, हॉलपेक्षां दोन वर्षें आधीं, 1782 सालीं जन्मलेला एक शेतकरी त्याच 1818 सालीं निराळाच हिशेब पुरा करून बसला होता. त्याचें नांव विल्यम मिलर. जग आणखी सुमारें पंचवीस वर्षें टिकेल, असें त्याचें उत्तर आलें होतें.

मिलर हा कोणी जटाधारी किंवा अंगांत येणारा मनुष्य होता, अशी कल्पना कोणी करून घेऊं नये. तसा तो असता, तर त्याच्या मागें इतके लोक गेलेच नसते. न्यूयॉर्क प्रांताच्या पूर्व सीमेवर लो हॅम्प्टन नांवाचें खेडें आहे. तेथें तो लहानाचा मोठा झाला. शाळा बेताचीच झाली, परंतु वाचनाचें वेड मोठें होतें. तरुणपणीं व्हर्मॉन्टमधील पोल्टनी गांवीं राहत असतां त्यानें व्हॉल्टेअर, ह्यूम, टॉमस पेन ह्यांचे ग्रंथ वाचले आणि बायबलावरील त्याचा विश्वास उडाला. ईश्वर आहे, पण तो घड्याळ करणाऱ्या कारागिरासारखा. घड्याळास किल्ली देऊन तो बाजूस झाला, अशा मताचा तो झाला. आजोबांच्या उपदेशाची नक्कल करून तो मित्रांना हंसवीत असे. 1812 सालीं इंग्लंडशीं युद्ध जुंपलें, त्यांत तो कॅप्टन होता. 1814 च्या सप्टेंबरांत प्लॅट्सबर्ग येथें शत्रूचें सैन्य कितीतरी मोठें असतांही अमेरिकनांचा जय झाला. तोफगोळे आजूबाजूस फुटत असतां आपण वांचलों कसे, हा प्रश्न त्याच्या मनांतून गेला नाहीं. घड्याळाचा कारागीर लढाईंत लक्ष घालीत नसतो, मग हें कोणी घडविलें?

1816 सालीं लो हॅम्प्टनच्या बॅप्टिस्ट मंडळींत एका रविवारीं छापील उपदेश मोठ्यानें वाचण्याचें काम त्याच्याकडे आलें. वाचतां वाचतां त्याचा कंठ दाटला आणि तो खालीं बसला. तेथून तो श्रद्धावान् झाला. जुन्या मित्रांनीं मात्र त्यास सोडलें नाहीं. पूर्वीं त्यानें स्वतः केलेल्या कोट्याच ते त्याच्यावर उलटवूं लागले. तेव्हां त्यानें उत्तर दिलें कीं, थोडा वेळ द्या, बायबलांतील सर्व विसंगतींचा मेळ घालून दाखवितों. मग भाष्यें बाजूस सारून, एक बायबल आणि शब्दांची एक मोठी अनुक्रमणिका एवढींच जवळ घेऊन, पहिल्या ओळीपासून त्यानें अभ्यास आरंभिला. एका वचनाचा अर्थ लागल्यावांचून पुढच्यास हात लावावयाचा नाहीं, असा त्याचा नेम होता. दोन वर्षें हें चाललें. दानीएलाच्या ग्रंथाशीं येऊन तो थबकला.

ह्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत मेंढा व बकरा ह्यांच्या झुंजीचा दृष्टांत आहे. तेथें किती काळ, असा प्रश्न होतो आणि 2300 संध्याकाळ-सकाळ, मग पवित्रस्थान शुद्ध होईल, अशा अर्थाचें उत्तर मिळतें. भविष्यवाणींत एक दिवस म्हणजे एक वर्ष समजावें, ही रीत मिलरनें काढिलेली नव्हे. प्रॉटेस्टंट पंडितांत ती फार दिवसांची होती, आणि खुद्द आयझॅक न्यूटननें दानीएलावर जें पुस्तक लिहिलें, जें त्याच्या मरणानंतर 1733 सालीं छापलें गेलें, त्यांतही ती आहे. तेव्हां 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षें. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, आणि तिची शुद्धि म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याच्या वेळचा अग्नि, असा अर्थ मिलरनें लावला. राहिला प्रश्न, वर्षें कोठून मोजावयाचीं?

त्याचें उत्तर त्यास पुढल्याच, नवव्या अध्यायांत मिळालें. यरुशलेम पुन्हां बांधण्याची आज्ञा झाल्यापासून सत्तर आठवडे नेमलेले आहेत, असें तेथें आहे. सत्तर आठवडे म्हणजे 490 दिवस, अर्थात् 490 वर्षें. इराणचा बादशहा अर्तहशश्त ह्यानें एज्राला जें फर्मान दिलें, त्याचें वर्ष इ. स. पू. 457 धरलें जाई. त्यापासून 490 वर्षें मोजलीं म्हणजे इ. स. 33 येतें, आणि त्या काळच्या कालगणनेप्रमाणें तेंच ख्रिस्ताच्या मरणाचें वर्ष! घड्याळाचा एक ठोका बरोबर पडला, तर पुढचा चुकेल कसा? 2300 मधून 457 वजा जातां 1843 राहतात. एवढ्यावर तो थांबला नाहीं. लेवीच्या ग्रंथांतील सात काळ म्हणजे सात गुणिले 360, म्हणजे 2520, ते इ. स. पू. 677 पासून मोजले तरी 1843. दानीएलाच्या शेवटच्या अध्यायांतील 1335 दिवस इ. स. 508 पासून मोजले तरी 1843. तीन निरनिराळ्या वाटा एकाच वेशीशीं येऊन मिळाल्या. शाळेंत एकच उदाहरण तीन रीतींनीं सोडवून उत्तर एकच आलें, म्हणजे कोणता विद्यार्थी तें खोडील?

मिलरच्या बेरजा-वजाबाक्या चुकीच्या नव्हत्या, हें येथें मुद्दाम सांगावयास हवें. दोष होता तो उदाहरणाच्या मांडणींत. आणि आपल्याला हवें तें वर्ष आरंभास घेण्याची मोकळीक असली, म्हणजे तीन काय, तेरा वाटाही एके ठिकाणीं आणतां येतात. आज बहुसंख्य बायबल-पंडित दानीएलाच्या त्या दृष्टांताचा संबंध इ. स. पू. दुसऱ्या शतकांतील ग्रीक राजा चौथा अँटायोकस ह्याच्याशीं लावतात. त्यानें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें, आणि इ. स. पू. 164 च्या सुमारास यहुद्यांनीं तें परत घेऊन शुद्ध केलें. त्या अर्थानें 2300 संध्याकाळ-सकाळ हे साधे दिवसच ठरतात, आणि अमेरिकेंतल्या शेतकऱ्याशीं त्यांचें कांहीं देणेंघेणें राहत नाहीं.

इतकी मोठी गोष्ट हातीं लागूनही मिलर गप्प बसला, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें लक्षण आहे. एक-दोन नव्हे, तेरा वर्षें त्यानें आपलें उत्तर तपासलें, स्वतःच त्यावर आक्षेप काढले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपलीकडे फारसें कोणाशीं बोलला नाहीं. पण मनांत एक टोचणी लागून राहिली. पूर येणार हें ठाऊक असून जो गांवास हांक देत नाहीं, त्याच्या माथीं बुडणाऱ्यांचें पाप नाहीं काय? 1831 च्या ऑगस्टांत एका शनिवारीं सकाळीं ही टोचणी असह्य झाली, तेव्हां त्यानें देवाशीं एक करार केला: कोणी आपण होऊन बोलावलें, तर जाईन. असें बोलावणें कोण करणार, अशा विचारानें तो हायसें होऊन बसला. अर्ध्या तासांत दारीं भाचा उभा. तो ड्रेस्डनहून, सोळा मैलांवरून आला होता; उद्यां आमच्याकडे उपदेशक नाहीं, तर मामांनीं येऊन दानीएलावर बोलावें, असा निरोप! मिलर संतापानें घराबाहेर पडला आणि जवळच्या झाडींत शिरून प्रार्थना करूं लागला. आपल्याला ह्यांतून सोडवावें, हीच ती प्रार्थना होती. शेवटीं तो भाच्याबरोबर गेला. त्या वेळीं तो एकुणपन्नास वर्षांचा होता.

पुढची आठ वर्षें तो खेडोपाडीं बोलत फिरला. बोलण्यांत नाटकीपणा नसे. आकडे, वचनें, पुन्हां आकडे. 1833 च्या नोव्हेंबरांत एका रात्रीं अमेरिकेभर उल्कांचा असा पाऊस पडला कीं लोक घाबरून रस्त्यावर आले, आणि तारे गळून पडण्याचें चिन्ह ज्याला त्याला आठवलें. 1837 सालीं बँका बुडाल्या, व्यापार बसला, आणि जग सुधारत चाललें आहे ह्या मतावरचा पुष्कळांचा भरंवसा उडाला. तरी मिलर हा खेड्यांतलाच उपदेशक राहता. 1839 च्या अखेरीस त्याची गांठ बोस्टन येथील जोशुआ हाइम्स ह्या तरुण पाद्र्याशीं पडली. तुमचा ह्या गोष्टीवर खरोखर विश्वास आहे काय, आणि असेल तर मोठीं शहरें अजून कोरडीं कां, असें हाइम्सनें त्यास विचारलें. मग हाइम्सनें 1840 सालीं बोस्टनला एक वर्तमानपत्र काढलें, 1842 सालीं न्यूयॉर्कला दुसरें काढलें, तीन-चार हजार माणसें बसतील एवढा तंबू शिवविला आणि रानांत मोठमोठे मेळे भरविले. कापडावर छापलेल्या मोठ्या तक्त्यांवर दानीएलाचे पशु, पुतळा आणि वर्षांचे आकडे रंगवून दाखवीत. अनुयायी किती झाले, ह्याची मोजदाद कोणीं केलेली नाहीं. इतिहासकार साधारणतः 50 हजारांपासून एक लाखापर्यंत अंदाज देतात. मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल अशा सर्वच मंडळींतले लोक त्यांत होते. मिलरला निराळा पंथ काढावयाचा नव्हता. जग संपणार असतां नवीन पंथ काढतो कोण?

मिलर निश्चित तारीख सांगण्यास राजी नव्हता. फार आग्रह झाला तेव्हां 21 मार्च 1843 ते 21 मार्च 1844 ह्या यहुदी वर्षांत केव्हांतरी, एवढेंच त्यानें सांगितलें. 1843 च्या मार्चांत दिवसाउजेडींही दिसणारा धूमकेतु उगवला. मिलरचा हिशेब त्याच्यावर अवलंबून नव्हता, पण लोकांच्या छातींत धडकी भरली. वर्ष सरलें. ख्रिस्त आला नाहीं. मिलरनें चूक झाल्याचें उघड कबूल केलें, मात्र दिवस जवळ आहे हा विश्वास सोडला नाहीं.

आणि येथें कालगणनेच्या दोन बारीक खोड्यांनीं घोटाळा केला. पहिली खोडी शून्याची. इ. स. पू. 1 संपलें कीं लगेच इ. स. 1 लागतें, मध्यें शून्य वर्ष नाहीं. इ. स. पू. 1 मधील दिवाळीपासून इ. स. 1 मधील दिवाळीपर्यंत एकच वर्ष होतें, पण दोन्ही आंकडे मिळवूं गेलें तर दोन भरतात. म्हणून 457 पासून पुरीं 2300 वर्षें 1843 त भरत नाहींत, 1844 त भरतात. आपल्याकडे गत शक आणि वर्तमान शक ह्यांत जो एका वर्षाचा फरक पडतो, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचें नवल वाटणार नाहीं. दुसरी खोडी अधिकमासाची. यहुद्यांचें पंचांगही आपल्यासारखेंच चांद्र महिन्यांचें असून त्यास ऋतूंशीं जुळवून घेण्यासाठीं मधून मधून एक महिना अधिक धरावा लागतो. बहुतेक यहुदी तो ठराविक गणितानें धरीत, तर कॅराइट नांवाचा पंथ यहुदियांतील जवाचें पीक कधीं पिकतें हें पाहून धरी. त्यामुळें 1844 सालीं दोन्ही पंचांगांत एका महिन्याचें अंतर मानलें गेलें. अधिकमासाविषयीं दोन पंचांगांचा मेळ बसला नाहीं म्हणजे खरी दिवाळी कोणती, ह्यावर घरोघर काय वाद होतात, तें श्रोत्यांना निराळें सांगावयास नको.

ह्या दोन्ही खोड्या जमेस धरून सॅम्युअल स्नो नांवाच्या एका तरुण उपदेशकानें 1844 च्या ऑगस्टांत न्यू हॅम्पशायरमधील एक्झिटर येथील मेळ्यांत नवा सिद्धांत मांडला. यहुद्यांचा महायाजक वर्षांतून एकदांच, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, परमपवित्र गाभाऱ्यांत जाई व लोकांना आशीर्वाद देण्यास बाहेर येई. ख्रिस्त हाच खरा महायाजक. तेव्हां तो त्याच दिवशीं बाहेर येणार. कॅराइट पंचांगाप्रमाणें त्या वर्षीं तो दिवस 22 ऑक्टोबर. वसंतांत तो आला नाहीं ह्याचेंही उत्तर स्नोजवळ होतें. ख्रिस्तानें सांगितलेल्या दहा कुमारिकांच्या दृष्टांतांत नवरदेवाला येण्यास उशीर होतो, कुमारिका पेंगतात आणि मध्यरात्रीं हांक उठते. दिवस म्हणजे वर्ष, तर अर्धी रात्र म्हणजे चौथा हिस्सा. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वरात खोळंबली म्हणजे कांहीं महिने खोळंबली. आतां हांक उठली आहे! निराश झालेल्या माणसाला त्याची निराशाही आधींच लिहून ठेवलेली होती असें कोणी सांगितलें, म्हणजे त्याला केवढा धीर येतो. मेळ्यांतून लोक घरोघर गेले ते ही तारीख घेऊनच. येथें पुढारी मागें होते आणि अनुयायी पुढें. मिलरनें ही तारीख मान्य केली ती 6 ऑक्टोबरला, म्हणजे अवघे सोळा दिवस उरले असतां.

तो शरदऋतु विलक्षण गेला. कित्येक शेतकऱ्यांनीं बटाटे जमिनींतून काढले नाहींत व उभें पीक कापलें नाहीं. काढणें म्हणजे अविश्वास दाखविणें. फिलाडेल्फियांतील एका दुकानावर, राजांच्या राजाच्या सन्मानार्थ दुकान बंद आहे, अशा अर्थाची पाटी लागली. लोकांनीं जुनीं कर्जें फेडलीं, भांडणें मिटविलीं, कोणी पूर्वीं लबाडीनें घेतलेले पैसे परत नेऊन दिले. ह्यांतील निदान हा शेवटचा भाग तरी व्यर्थ गेला, असें म्हणतां येत नाहीं. चार्ल्स फिच हा त्यांचा एक नामांकित उपदेशक. शरदाच्या गार वाऱ्यांत थंड पाण्यांत उभा राहून त्यानें अनेकांना बाप्तिस्मा दिला, त्यांतच त्यास ताप भरला आणि 14 ऑक्टोबरला तो वारला. त्याच्या बायकोनें फारसा शोक केला नाहीं म्हणतात. आठच दिवसांनीं तो पुन्हां भेटणार होता.

22 ऑक्टोबर, मंगळवार. घराघरांतून, सभागृहांतून लहान-मोठे जमले. दिवस गेला, रात्र झाली. मध्यरात्रीचे ठोके पडले आणि तारीख बदलली. न्यूयॉर्क प्रांतांतील पोर्ट गिब्सन येथें हायरम एडसन ह्या शेतकऱ्याकडे जमलेली मंडळी पहाट होईपर्यंत रडत होती, असें त्यानेंच मागाहून लिहून ठेविलें. पांढरे झगे घालून लोक टेकड्यांवर व झाडांवर चढून बसले होते, ही गोष्ट पुढें फार पसरली. परंतु 1944 सालीं फ्रान्सिस निकोल ह्या लेखकानें त्या काळचीं वर्तमानपत्रें व कागदपत्रें चाळून तिला भरंवशाचा आधार नसल्याचें दाखविलें. निकोल हा त्यांच्याच वारसांपैकीं होता, हें खरें. तथापि त्याचा पुरावा पुढील इतिहासकारांनाही बहुतांशीं पटलेला आहे. झग्यांची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांपुढें तोंड दाखविणें हेंच पुरेसें कठीण होतें. अजून गेलां नाहीं वाटतें वर, असें पोरेंसोरें विचारूं लागलीं. कांहीं ठिकाणीं जमावानें त्यांच्या सभागृहांवर हल्ले केले. ज्यांनीं पीक सोडलें त्यांच्यापुढें हिवाळा होता. ह्या वेळीं हाइम्सनें आपल्या पत्रांतून गांवोगांवच्या मंडळींना गरजूंसाठीं वर्गणी करण्याची विनंति केली, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनीं क्वचितच सांगितली आहे.

आशा मोडल्यावर माणसें काय करतात, तें पाहण्यास ह्याहून बोलकें उदाहरण क्वचित् सांपडेल. पुष्कळजण मुकाट्यानें जुन्या मंडळींत परत गेले. कित्येकांची धर्मावरूनच श्रद्धा उडाली. कांहींनीं 1845, 1846 अशा नव्या तारखा काढल्या. कांहीं म्हणूं लागले कीं, ख्रिस्त आला, पण तो आमच्या अंतःकरणांत आला. त्यांतले कित्येक ब्रह्मचर्य पाळणाऱ्या शेकर पंथांत शिरले. स्नो पुढें स्वतःलाच एलीया प्रवक्ता म्हणवूं लागला. आणि एडसन? रडून रात्र काढल्यावर सकाळीं कोठींत कांहीं सोबत्यांसह प्रार्थना करून तो एका मित्राबरोबर बाहेर पडला. रस्त्यानें गेलें तर लोक हंसतील, म्हणून दोघे मक्याच्या शेतांतून चालले. शेताच्या मध्यावर तो एकाएकीं थांबला. तारीख खरी होती, प्रसंग खोटा होता, असें त्यास स्फुरलें. महायाजक गाभाऱ्यांतून बाहेर यावयाचा नव्हता, त्या दिवशीं तो गाभाऱ्यांत शिरावयाचा होता. आणि तो गाभारा पृथ्वीवर नसून स्वर्गांत होता.

ह्या स्फुरणाकडे तटस्थपणें पाहिलें तर तें फारच सोयीचें वाटेल. पृथ्वीवर जें घडलें नाहीं तें सर्वांना दिसतें, स्वर्गांत जें घडलें तें कोणालाच खोडतां येत नाहीं. तें विश्वासावरच घ्यावें लागतें. पण ह्याच धाग्यावर एक लहानसा गट टिकून राहिला. पोर्टलंडची एलेन हार्मन ही 1844 सालीं सतरा वर्षांच्या आसपासची मुलगी, जोसेफ बेट्स हा जुना जहाजी कप्तान, आणि एलेनचा पुढें झालेला पति जेम्स व्हाइट, हे त्या गटाचे आधार झाले. रविवाराऐवजीं शनिवारचा शब्बाथ त्यांनीं स्वीकारला. 1863 च्या मे महिन्यांत मिशिगनमधील बॅटल क्रीक येथें सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी विधिपूर्वक स्थापन झाली. मुख्य म्हणजे, पुन्हां तारीख म्हणून काढावयाची नाहीं, हें त्यांनीं कटाक्षानें पाळलें. जग लवकरच संपणार असें मानणाऱ्या ह्या मंडळींनीं मग दवाखाने काढले, शाळा काढल्या, आहारसुधारणा केली. बॅटल क्रीकच्या त्यांच्या आरोग्यधामांतच डॉ. केलॉग ह्यानें मक्याच्या त्या कुरकुरीत पापुद्र्यांचा शोध लावला, जे आज मुंबई-पुण्याच्या न्याहारींत आढळतात. जगभर ह्या मंडळीचे सभासद आज दोन कोटींहून अधिक आहेत. पुण्यांत 1942 पासून असलेली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच.

1844 ह्या वर्षाला दुसराही एक वारस आहे. त्याच वर्षीं 23 मे रोजीं इराणांतील शिराझ येथें बाब ह्या तरुणानें आपण ईश्वरी दूत असल्याचें जाहीर केलें, आणि त्यांतून पुढें बहाई धर्म निघाला. दानीएलाच्या 2300 वर्षांचा शेवट 1844 त होतो, हें बहाई लोकही मानतात. मात्र त्यांच्या मतें येणारा आला, तो न्यू इंग्लंडांतले लोक पाहत होते त्या दिशेनें आला नाहीं, इतकेंच. पांचगणीची 1945 सालीं निघालेली न्यू एरा शाळा बहाई लोकांनीं काढलेली आहे. दानीएलाच्या एका ओळींतल्या एका आंकड्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या दोन निरनिराळ्या समाजांच्या संस्था अशा रीतीनें पुणें-सातारा भागांत शेजारीं शेजारीं उभ्या आहेत.

खुद्द मिलरनें एडसनचें स्पष्टीकरण स्वीकारलें नाहीं, आणि शनिवारही पाळला नाहीं. त्यानें नवी तारीखही काढली नाहीं. नोव्हेंबर 1844 मध्यें हाइम्सला लिहिलेल्या पत्रांत, आतां आपली तारीख आजची, आणि प्रभु येईपर्यंत रोज आजचीच, अशा आशयाचें त्यानें कळविलें. दिवस काढण्यांत चूक झाली हें तो शेवटपर्यंत कबूल करीत राहिला; लोकांना हांक दिल्याचा पश्चात्ताप मात्र त्यास झाला नाहीं. ज्या बॅप्टिस्ट मंडळींत उपदेश वाचतां वाचतां त्याचा कंठ दाटला होता, तिनें 1845 च्या आरंभीं त्यास बाहेर काढलें. तेव्हां त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं 1848 सालीं त्याच्या घराशेजारीं एक लहानसें लाकडी प्रार्थनामंदिर बांधलें. त्या सुमारास त्याची दृष्टि जवळजवळ गेली होती. ज्या पुस्तकावर त्यानें सारा हिशेब केला तें आतां त्यास वाचतां येत नव्हतें. 20 डिसेंबर 1849 रोजीं तो वारला. तें मंदिर लो हॅम्प्टनला अजून उभें आहे. आंत व्यासपीठाच्या वरच्या भिंतीवर दानीएलाच्या त्याच आठव्या अध्यायांतील एक वचन रंगविलेलें आहे. शेवट त्याच्या नेमलेल्या वेळीं येईल, असा त्याचा अर्थ. त्यांत आंकडा नाहीं.